हलालचा शिक्का: कुणाचा, कशावर आणि कुणाच्या जबाबदारीवर

जुलै २०२३ मध्ये वंदे भारत एक्स्प्रेसमधला एक व्हिडिओ देशभर फिरला. चहाच्या तयार पुडीवर ‘हलाल सर्टिफाइड’ असं छापलेलं एका प्रवाशाला दिसलं होतं. उत्तरेकडचा श्रावण चालू होता, आणि हे आपल्याला का दिलं, असं तो गाडीतल्या कर्मचाऱ्याला विचारत होता. हा चहा आहे, शाकाहारीच आहे, असं कर्मचारी पुन्हापुन्हा सांगत होता. पुढे आयआरसीटीसीने खुलासा केला की या चहाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं आवश्यक ते प्रमाणपत्र आहे आणि पुडीवर शाकाहाराचा हिरवा ठिपकाही आहे.

प्रवाशाचा प्रश्न होता, हा शिक्का इथे कशासाठी? त्याला मिळालेलं उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं होतं. हलाल प्रमाणपत्रावरच्या आपल्याकडच्या वादात हे वारंवार होतं. कुणी कायद्याचं विचारतो, त्याला श्रद्धेचं उत्तर मिळतं. कुणी निर्यातीचा हिशेब मांडतो, त्याला प्राण्यांच्या यातनांबद्दल ऐकवलं जातं. म्हणून इथे हे प्रश्न सुटे करून एकामागून एक घ्यायचे आहेत: शिक्का आला कुठून, तो वापरायचे नियम काय, भारतीय कायद्यात त्याला जागा कोणती, कोण काय म्हणतं आणि काय अजून ठरायचं आहे.

मांसापासून जिलेटिनपर्यंत

इस्लामी धर्मशास्त्रात जे खायला, वापरायला मुभा आहे ते हलाल. मांसाच्या बाबतीत अटी ठरलेल्या आहेत: प्राणी निषिद्ध जातीचा नसावा, कापताना जिवंत असावा, अल्लाचं नाव घेऊन धारदार सुरीने गळा कापावा आणि रक्त वाहून जावं. हे काम डोळ्यांसमोर होत होतं तोवर कागदाची गरज नव्हती. महाराष्ट्राच्या गावगाड्यात ते मुलाण्याकडे असे. बकरं हलाल करण्याचा त्याचा हक्क गावाने मानलेला होता, त्याबद्दल ठरलेला वाटा त्याला मिळे, आणि नवसाचं, जत्रेचं बकरं कितीतरी हिंदू घरंही त्याच्याकडूनच कापून घेत. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ लिहिला तेव्हा मुलाणी हा गावाच्या व्यवस्थेचा भाग होता. कापणारा ओळखीचा, खाणारा ओळखीचा. शिक्का कुणी कुणाला दाखवायचा?

खरी अडचण कारखान्यातल्या अन्नाने आणली. जिलेटिन हाडं आणि कातडी उकळून काढतात. ते डुकराचं आहे, म्हशीचं आहे की माशाचं, हे जेलीच्या तुकड्याकडे बघून सांगता येत नाही. चीज घट्ट करणारं रेनेट वासराच्या जठरातून येऊ शकतं किंवा सूक्ष्मजीवांपासूनही बनवता येतं. पाकिटावर ४७१ या क्रमांकाने लिहिलेला स्निग्ध पदार्थ वनस्पती तेलातून काढलेला असेल किंवा प्राण्यांच्या चरबीतून. १२० क्रमांकाचा लाल रंग किड्यांपासून बनतो. सुगंधी अर्क बऱ्याचदा अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असतात. मसाला चहाच्या पुडीवर, चॉकलेटवर, टूथपेस्टवर हलालचा शिक्का का येतो याचं निम्मं उत्तर या यादीत आहे.

ही काळजी एकट्या मुसलमान ग्राहकाची नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राम गौरक्षा दल या संस्थेच्या याचिकेवर आदेश देताना म्हटलं की घटक कोणत्या संकेतांकाने ओळखला जातो एवढं सांगून भागणार नाही. तो वनस्पतीपासून आला, प्राण्यापासून आला की प्रयोगशाळेत तयार झाला, हे कळायला हवं. त्या प्रकरणात ६३१ क्रमांकाच्या चव वाढवणाऱ्या पदार्थाची चर्चा झाली होती. गौरक्षेचं काम करणारी संस्था आणि हलाल तपासणारा निरीक्षक कारखान्यात शिरले तर दोघेही पहिला प्रश्न एकच विचारतील. या वादात ही गोष्ट फार क्वचित लक्षात घेतली जाते.

शिक्क्याचा प्रवास

धर्माच्या अटी पाळल्याची खूण पाकिटावर छापायची कल्पना हलालच्या आधी ज्यूंच्या कोशर पद्धतीत रुजली. अमेरिकेतल्या हाइन्झ कंपनीने १९२३ पासून ऑर्थोडॉक्स युनियनच्या देखरेखीखाली माल काढला. वर्तुळातल्या ‘यू’ अक्षराची ती खूण आज जगभर दिसते. मुस्लिम देशांना अशी गरज उशिरा भासली, कारण तिथे सगळंच हलाल असणार असं गृहीत धरलं जाई. गरज आधी जाणवली ती मिश्र वस्तीच्या ठिकाणी. सिंगापूरच्या इस्लामी धार्मिक परिषदेने, म्हणजे मुइसने, १९७८ मध्ये प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली.

इंडोनेशियाची कहाणी धक्क्याने सुरू होते. १९८८ मध्ये तिथल्या एका विद्यापीठातल्या संशोधकाने बाजारातल्या अनेक खाद्यपदार्थांत डुकराच्या चरबीपासून किंवा हाडांपासून आलेले घटक असल्याचा संशय मांडला. लोक घाबरले, खप कोसळला. दुसऱ्याच वर्षी उलेमा परिषदेने तपासणीसाठी स्वतंत्र संस्था उभी केली. पुढे २०१४ च्या कायद्याने हा विषय सरकारकडे गेला, २०१७ मध्ये बीपीजेपीएच ही सरकारी यंत्रणा आली, आणि २०२२ मध्ये वायांग बाहुल्यांच्या खेळातल्या पर्वतासारखा जांभळा राष्ट्रीय लोगो आला. मलेशियात २०११ च्या व्यापारवर्णन कायद्याखालच्या आदेशांनी जाकिम हे सरकारी खातं आणि राज्यांच्या धार्मिक परिषदा यांनाच स्थानिक मालाला हलाल प्रमाणित करायचा अधिकार उरला. १ जानेवारी २०१२ पासून हे आदेश लागू झाले.

आंतरराष्ट्रीय पातळीवर अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने १९९७ मध्ये ‘हलाल’ हा शब्द लेबलवर कसा वापरावा याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती छोटी आहेत, पण त्यांतली दोन वाक्यं फार मोलाची आहेत. एकात मान्य केलंय की मुस्लिम विचारपरंपरांमध्ये तपशिलाचे मतभेद आहेत. दुसऱ्यात बजावलंय की हलालचा दावा करताना तसाच दुसरा माल असुरक्षित आहे असा संशय निर्माण करू नये, आणि हलाल अन्न अधिक पौष्टिक किंवा आरोग्याला अधिक चांगलं असल्याचं सांगू नये. आपल्याकडच्या जाहिराती आणि समाजमाध्यमांवरचे संदेश पाहिले तर दोन्ही बाजूंकडून हाच नियम सर्वांत जास्त मोडला जातो, असं मला दिसतं.

नीट वापर म्हणजे काय

आता मूळ विषय. शिक्का प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या मालकीचा असतो. उत्पादकाला तो वापरायची परवानगी मिळते. ही परवानगी कंपनीला सरसकट नसते. ठरावीक उत्पादन, ठरावीक कारखाना आणि ठरावीक मुदत, एवढीच तिची व्याप्ती. एखादं बिस्किट एका कारखान्यात प्रमाणित झालं असेल तर त्याच नावाचं, दुसऱ्या गावात ठेक्याने बनवून घेतलेलं बिस्किट आपोआप प्रमाणित होत नाही. खाद्यगृहाच्या एका शाखेचं प्रमाणपत्र दुसऱ्या शाखेच्या भिंतीवर लावता येत नाही. प्रमाणपत्र संपलं की छपाई थांबायला हवी. गोदामात उरलेल्या छापील पाकिटांचं काय करायचं हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे. घटक पुरवणारा बदलला तर तपासणाऱ्याला आधी कळवायला हवं. शिक्क्याबरोबर प्रमाणपत्राचा क्रमांक किंवा संस्थेची ओळख असावी, नाहीतर नुसत्या अरबी अक्षरांतल्या ‘हलाल’वरून ग्राहकाने तक्रार कुणाकडे न्यायची?

नियम सोपे वाटतात. पाळताना कुठे गळती होते ते तीन प्रकरणांतून दिसतं.

पहिलं २००१ चं, इंडोनेशियातलं. अजिनोमोटो कंपनीच्या चव वाढवणाऱ्या पावडरीत डुकराचा अंश नव्हता. पण ती पावडर बनवणारे जिवाणू ज्या पोषकद्रव्यावर वाढवले जात, त्यातला एक घटक बदलला होता आणि तो नवा घटक तयार करताना डुकरापासून काढलेलं विकर वापरलेलं होतं. उलेमा परिषदेने माल हराम ठरवला, कंपनीला तो बाजारातून काढून घ्यावा लागला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद हे स्वतः मोठे धर्मपंडित. त्यांनी मात्र तो हलाल असल्याचं सांगितलं. शिक्का अंतिम वस्तूबद्दल बोलतो की ती बनवण्याच्या सगळ्या साखळीबद्दल, हा प्रश्न त्या दिवसापासून टेबलावर आहे.

दुसरं मे २०१४ मधलं, मलेशियातलं. आरोग्य खात्याच्या तपासणीत कॅडबरीच्या दोन चॉकलेटांमध्ये डुकराच्या डीएनएचा अंश आढळल्याचं जाहीर झालं आणि मोठा क्षोभ उसळला. काही दिवसांनी जाकिमने कारखान्यातून घेतलेल्या नमुन्यांत असं काही सापडलं नाही. नमुना दुकानातून उचलायचा की कारखान्यातून, आणि अंश किती सूक्ष्म असला म्हणजे दोष मानायचा, याची उत्तरं प्रयोगशाळा एकटी देऊ शकत नाही.

तिसरं एप्रिल २०२५ चं, पुन्हा इंडोनेशियातलं. सरकारी यंत्रणांनी मार्शमॅलो आणि जेलीसारख्या नऊ उत्पादनांत डुकराचा अंश सापडल्याचं जाहीर केलं. त्यांतल्या सातांवर हलाल प्रमाणपत्र होतं. म्हणजे कायदा कडक, लोगो राष्ट्रीय, यंत्रणा सरकारी, आणि तरीही चूक झाली. त्याच्या आदल्या वर्षी ‘बिअर’, ‘वाइन’ अशा नावांच्या उत्पादनांना प्रमाणपत्रं मिळाल्यावरूनही तिथे वाद झाला होता. छोट्या व्यावसायिकांना स्वयंघोषणेची सवलत दिल्यावर तपासणीचं काय होतं, ही चर्चा तिथे अजून चालू आहे.

दंडाचा धाक वेगवेगळा आहे. सिंगापूरमध्ये मुइसच्या परवानगीशिवाय हलालची खूण वापरली तर दहा हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, बारा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंडोनेशियाच्या कायद्यात एक वेगळी तरतूद आहे: जे हलाल नाही त्याच्यावर तसं स्पष्ट लिहायचं. विकायला बंदी नाही, पण लपवायला आहे.

भारतीय कायद्यातली रिकामी जागा

भारतात अन्नाच्या लेबलवर काय असावं हे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आणि त्याखालचे नियम ठरवतात. शाकाहाराची हिरवी खूण आणि मांसाहाराची तपकिरी खूण २००१ पासून आहे. २०२० च्या लेबलिंग नियमांनी मांसाहाराच्या खुणेत वर्तुळाऐवजी त्रिकोण आणला. सेंद्रिय मालासाठी ‘जैविक भारत’ आहे, शेतमालाच्या प्रतवारीसाठी ॲगमार्क १९३७ च्या कायद्यापासून आहे. हलालबद्दल या व्यवस्थेत काही नाही. छापा असं नाही, छापू नका असंही नाही.

खासगी शिक्क्यांसाठी दुसरा एक कायदा आहे, आणि या चर्चेत तो जवळजवळ कुणी काढत नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात प्रमाणन चिन्हांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. असं चिन्ह नोंदवणाऱ्याला ते कोणत्या अटींवर वापरू दिलं जाईल याची नियमावली निबंधकाकडे द्यावी लागते, आणि ज्या मालाला तो प्रमाणपत्र देतो त्याच प्रकारच्या मालाचा व्यापार त्याला स्वतःला करता येत नाही. दार्जिलिंग चहाची खूण याच वाटेने संरक्षित झाली. हलालचे सगळे शिक्के या वाटेने आले असते तर नियमावली सार्वजनिक असती आणि गैरवापरावर कारवाईचा रस्ताही. आज ती सक्ती नाही.

त्यामुळे घडलं असं की प्रमाणपत्र देण्याचं काम खासगी संस्था आणि धार्मिक न्यासांकडे राहिलं: चेन्नईची हलाल इंडिया, दिल्लीचा जमियत उलेमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, मुंबईतल्या जमियतशी संबंधित आणि इतर संस्था. यांतल्या काहींना जाकिमसारख्या परदेशी यंत्रणांची मान्यता आहे, कारण त्याशिवाय आपला माल तिथे उतरत नाही. विश्वासाचं मूळ क्वालालंपूरला आणि शिक्का चांदणी चौकातल्या पाकिटावर, अशी ही रचना.

निर्यातीच्या बाजूने सरकारने हळूहळू हात घातला. जानेवारी २०२१ मध्ये अपेडा या शेतमाल निर्यातीसाठीच्या सरकारी संस्थेने आपल्या मांसविषयक पुस्तिकेतून ‘हलाल’ हा शब्द काढला आणि आयातदार देशाच्या अटींनुसार कत्तल, अशी रचना केली. एप्रिल २०२३ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने मांस आणि मांसजन्य मालासाठी धोरण आणलं: हलाल म्हणून निर्यात करायचं तर भारतीय गुणवत्ता परिषदेच्या योजनेखाली, राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाने मान्यता दिलेल्या संस्थेचंच प्रमाणपत्र हवं. मुदतवाढी होत होत ऑक्टोबर २०२४ पासून सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया, इंडोनेशिया, बांगलादेशसह पंधरा देशांच्या निर्यातीला ही अट लागू झाली.

देशांतर्गत बाजारात मात्र उलट दिशेचं पाऊल पडलं. १७ नोव्हेंबर २०२३ ला लखनौच्या हजरतगंज ठाण्यात काही प्रमाणन संस्थांविरुद्ध गुन्हा नोंदला गेला, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर प्रदेशच्या अन्नसुरक्षा आयुक्तांनी हलाल प्रमाणित अन्नपदार्थांचं उत्पादन, साठवण, वितरण आणि विक्री यांवर राज्यभर बंदी घातली. निर्यातीचा माल वगळला. आदेशाचा युक्तिवाद असा: अन्नाची मानकं ठरवायचा अधिकार कायद्याने एका प्राधिकरणाला दिला आहे; त्याला समांतर प्रमाणपत्र संभ्रम निर्माण करतं. ज्या कलमाचा आधार घेतला, ते सार्वजनिक आरोग्याच्या हितासाठी, एका वर्षापेक्षा जास्त नाही एवढ्या काळासाठी बंदी घालायचा अधिकार देतं. पाकिटावरची धार्मिक खूण हा आरोग्याचा विषय होतो का, हा त्यातला कायदेशीर गाभा आहे.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२४ मध्ये जमियतच्या हलाल ट्रस्टच्या पदाधिकाऱ्यांना सक्तीच्या कारवाईपासून अंतरिम संरक्षण मिळालं. २० जानेवारी २०२५ च्या सुनावणीत सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी विचारलं की सिमेंट, लोखंडी सळ्या, बेसन यांना हलाल प्रमाणपत्र कशासाठी? ज्यांना नको त्यांनी या प्रमाणपत्रामुळे महागलेला माल का घ्यावा? समोरून उत्तर आलं की केंद्राच्या धोरणातच हलालची व्याख्या आहे, ही बाब नुसत्या मांसापुरती नाही आणि प्रमाणपत्र घेणं पूर्णपणे ऐच्छिक आहे.

चार भूमिका

एक भूमिका एकाच नियामकाची. तिचं म्हणणं, लेबल ही सरकारने आखलेली जागा आहे. तिथे कुणीही येऊन आपला शिक्का मारू लागला तर ग्राहक गोंधळतो. या भूमिकेची ताकद तिच्या साधेपणात आहे. तिची अडचण अशी की कोशर, व्हेगन, ग्लुटेनमुक्त असे अनेक खासगी शिक्के त्याच लेबलवर आहेत आणि त्यांवर आक्षेप नाही. नियम शिक्क्याचा असेल तर तो सगळ्या शिक्क्यांना लागायला हवा.

दुसरी भूमिका श्रद्धावान ग्राहकाची आणि प्रमाणन संस्थांची. आपण काय खातो हे कळणं हा धर्मस्वातंत्र्याचा आणि ग्राहकहक्काचा भाग आहे, प्रमाणपत्र सक्तीचं नाही, आणि ते नसलं तर घटकांच्या बारीक अक्षरांत हरवण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. या बाजूला उत्तर द्यावं लागतं ते शुल्काचं, हिशेबाच्या पारदर्शकतेचं आणि शिक्का किती दूरवर न्यावा याचं. पिण्याच्या पाण्यावर किंवा डाळीच्या पिठावर हलाल लिहिल्याने ग्राहकाला नवी माहिती काय मिळते? तपासणीत यंत्राचं वंगण, भांडी, एकाच यंत्रावर दुसरा माल चालवणं असे मुद्दे असू शकतात. पण ते कुणी पाकिटावर समजावत नाही.

तिसरी भूमिका न मागता मिळणाऱ्या शिक्क्याला नकार देणाऱ्यांची. शीख रहत मर्यादेत मुस्लिम पद्धतीने कापलेलं मांस, म्हणजे कुठ्ठा, वर्ज्य आहे. झटका, म्हणजे एका घावात मारलेल्या प्राण्याचं मांस मिळणं हा त्यांच्यासाठीही श्रद्धेचाच विषय. हिंदू खाटीक समाजातले काही व्यावसायिक म्हणतात की मोठे खरेदीदार हलालच मागतात तेव्हा आमच्या दुकानाला बाजार उरत नाही. दक्षिण दिल्ली महापालिकेने २०२१ मध्ये मांसाची दुकानं आणि हॉटेलांनी हलाल की झटका ते लिहावं, असा ठराव केला तो याच विचारातून. मला इथे एक साम्य जाणवतं: हलाल हवं असणारा आणि हलाल नको असणारा, दोघेही लेबलवर अधिक माहिती मागत आहेत. उत्तर प्रदेशच्या आदेशाने ती माहिती कमी केली, दिल्लीच्या ठरावाने वाढवली. दोन्हींना पाठिंबा देणारे मात्र बहुतांशी तेच लोक होते.

चौथी, उद्योगाची भूमिका सर्वांत कमी बोलली जाते. पाकिटाच्या छपाईला प्रत्येक रंगाचं वेगळं सिलिंडर लागतं. दुबईसाठी एक आणि दादरसाठी दुसरं पाकीट करायचं तर खर्च, साठा, चुका सगळंच वाढतं. म्हणून निर्यातीचं पाकीट देशातही फिरतं. ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये फ्लूरियू मिल्क या छोट्या दूध कंपनीने समाजमाध्यमांवरच्या मोहिमेनंतर प्रमाणपत्र सोडलं आणि त्याबरोबर एमिरेट्स विमान कंपनीला दही पुरवायचं कामही गेलं. त्यानंतर तिथल्या सिनेटने चौकशी केली. डिसेंबर २०१५ च्या अहवालात प्रमाणनाची व्यवस्था अधिक स्पष्ट आणि उत्तरदायी करण्यावर भर होता.

प्राण्यांच्या यातनांचा मुद्दा या सगळ्यांना छेदून जातो. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं २८ वं कलम धर्माने सांगितलेल्या पद्धतीच्या कत्तलीला सूट देतं. हलालवर बंदी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये फेटाळली. युरोपीय न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१९ ला वेगळाच पेच सोडवला: बेशुद्ध न करता कापलेल्या प्राण्याच्या मांसावर युरोपीय संघाचा सेंद्रिय लोगो लावता येणार नाही, कारण त्या लोगोत प्राणिकल्याणाच्या वरच्या दर्जाचं आश्वासन आहे. मांस विकायला हरकत नाही, दोन आश्वासनं एका पाकिटावर नकोत.

शिक्क्याच्या आतले मतभेद

बाहेरून एकच दिसणारा शब्द आतून एकसंध नाही. ब्रिटनमध्ये हलाल फूड अथॉरिटी प्राण्याला आधी बधिर करायला, तो त्याने मरत नसेल तर, मान्यता देते. हलाल मॉनिटरिंग कमिटी देत नाही. दोन्हींचे ग्राहक वेगळे झाले आहेत. कोंबड्यांच्या यांत्रिक कत्तलीत एकदा नाव घेऊन यंत्र सुरू केलं तर ते प्रत्येक कोंबडीला लागू होतं का, यावर विद्वानांचं एकमत नाही.

आपल्या किनाऱ्यावरचं उदाहरण अधिक बोलकं आहे. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफी परंपरेचे. समुद्रातलं जवळजवळ सगळं त्यांना चालतं. देशावरचे मुसलमान बहुतांशी हनफी. हनफी मतानुसार पाण्यातल्या जिवांपैकी मासाच हलाल, खेकडा नाही, आणि कोळंबी मासा आहे की नाही यावर जुना वाद आहे. मग रत्नागिरीहून निघालेल्या खेकड्याच्या डब्यावर हलालचा शिक्का कुणाच्या मताने मारायचा? अशा वेळी शिक्क्याखाली मानकाचं नाव असेल तर ग्राहक स्वतः ठरवू शकतो. नुसता शब्द असेल तर त्याला दुसऱ्याचं मत आपलं समजून घ्यावं लागतं.

महाराष्ट्रातला नवा शिक्का

मार्च २०२५ मध्ये राज्याचे मत्स्यव्यवसाय आणि बंदरे मंत्री नितेश राणे यांनी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा केली: हिंदू खाटीक समाजातल्या विक्रेत्यांच्या झटका मांसाच्या दुकानांसाठी. घोषणा मंत्र्याची असली तरी ते अन्नसुरक्षा कायद्याखालचं सरकारी प्रमाणपत्र नव्हे. खंडोबाचं नाव मांसाच्या दुकानाला द्यावं का, यावर जेजुरीत दोन्ही बाजूंनी मतं व्यक्त झाली.

श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तर ‘मल्हार’ला तेच प्रश्न विचारावे लागतात जे हलालला विचारले: दुकान कोण तपासतं, किती वेळा, नियमावली कुठे वाचायला मिळते, शिक्का चुकीचा वापरला तर तक्रार कुठे करायची? मांस अधिक ताजं, अधिक शुद्ध असल्याचा दावा या शिक्क्याबरोबर केला गेला आहे. कोडेक्सने हलालला जी मर्यादा घातली ती इथेही लावायला हवी असं माझं मत आहे. स्वच्छतेचा निवाडा अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने करायचा असतो.

काय ठरायचं आहे

अन्नसुरक्षा कायदा लेबलवरच्या धार्मिक प्रमाणनाला वाव देतो की बाद करतो, याचा निवाडा न्यायालयाच्या हातात आहे. निर्यातीसाठी उभी केलेली मान्यतेची व्यवस्था देशातल्या ग्राहकालाही का मिळू नये, याचं उत्तर धोरणात नाही. सध्या जेद्दाहच्या ग्राहकाला भारत सरकारने पारखलेल्या संस्थेचा शिक्का मिळतो आणि भिवंडीच्या ग्राहकाला तशी हमी नाही. ही विषमता मला या विषयातली सर्वांत मोठी त्रुटी वाटते, आणि ती दूर करायला हलालच्या बाजूचं किंवा विरुद्ध असायची गरज नाही. देशात फिरणाऱ्या सगळ्या प्रमाणपत्रांची एक सार्वजनिक नोंदवही, जिथे क्रमांक टाकून खरंखोटं करता येईल, एवढ्यानेही बनावट शिक्क्यांचा बराच बंदोबस्त होईल. ती सरकारने ठेवायची तर धर्मनिरपेक्ष राज्याने धार्मिक अटींची नोंद ठेवावी का, हा प्रश्न येतो. संस्थांनी ठेवायची तर एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या संस्था एकत्र कशा येणार, हा.

औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं हा पुढचा टप्पा. इंडोनेशियात ऑक्टोबर २०२६ पासून प्रसाधनांना आणि औषधांच्या काही प्रकारांना प्रमाणपत्राची सक्ती सुरू व्हायची आहे. भारतीय औषधांच्या लेबलसाठीच्या कायद्यात हलालची तरतूद नाही, हे उत्तर प्रदेशच्या कारवाईच्या वेळी पुढे आलंच होतं. कॅप्सूलच्या जिलेटिनचा उगम रुग्णाला सांगायचा का आणि कुठे, हे औषध कंपन्यांना लवकरच ठरवावं लागेल.

आणि एक भाग कुठल्याही योजनेच्या बाहेर राहिलेला. महाराष्ट्रात हलाल मांसाचा मोठा व्यवहार पाकिटात होत नाही. तो मटणाच्या दुकानात, बिर्याणीच्या हॉटेलात होतो, आणि तिथे रंगवलेल्या पाटीवर ‘हलाल’ लिहिलेलं असतं. त्या पाटीमागे प्रमाणपत्र नसतं, दुकानदाराची पत असते. मलेशियाने अशी पाटीही व्यापारवर्णन मानून कायद्याखाली आणली. भारतात शिक्क्याचा नियम करायची वेळ आलीच, तर ती पाटी शिक्का समजायची की नाही, हे नियम लिहिणाऱ्याला पहिल्याच पानावर ठरवावं लागेल.